‘दीडशे वॅट’चा बेस ॲम्प आणि पाठीवरचे स्टिकर

घरच्या सरावासाठी बेस गिटारचा ॲम्प शोधणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. पुण्यातील वाद्यांच्या एका दुकानात माझी जी फसवणूक झाली, तिचा पाया एक अर्धसत्य होते, आणि तेच अर्धसत्य इतर दुकानांतही ऐकू येते. बेससाठी ॲम्प चांगला असावा लागतो, यात खोटे काही नाही. मात्र चांगला म्हणजे जास्त वॅटचा, हे समीकरण विक्रेता गुपचूप त्याला जोडून देतो.

“सर, बेसला पॉवर लागते. छोट्या ॲम्पवर खालचे सूर उमटतच नाहीत, त्यावर सराव केलात तर हात बिघडेल,” असे मला सांगण्यात आले. समोर ठेवलेला ॲम्प दीडशे वॅटचा, बारा इंची स्पीकरचा आणि जवळजवळ नवा असल्याचे सांगून विक्रेत्याने स्वतः वाजवून दाखवले, तेव्हा खर्ज इतका भरदार होता की काचेचे कपाट थरथरले. ॲम्पच्या मागून एक जाड वायर काउंटरखाली जात होती. ती कशाची, असे विचारल्यावर “अर्थिंग आहे” असे उत्तर मिळाले.

घरी आणल्यावर त्याच ॲम्पमधून खालची ‘ई’ तार जेमतेम आवाजालाही भिरभिरू लागली. दुकानात फोन केला असता, स्पीकर नवा असल्यामुळे तो ‘खुलायला’ महिनाभर लागतो, रोज वाजवत राहा, असा सल्ला मिळाला. वापरामुळे नव्या स्पीकरच्या कडा थोड्या सैल होतात हे खरे आहे, पण त्याने लहान स्पीकर मोठा होत नाही. हा महिन्याचा हिशेब सहज सुचलेला नव्हता, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पुढे येईल.

दुरुस्ती करणाऱ्या एका जाणकाराने मागच्या बाजूचे दुकानाच्या नावाचे मोठे स्टिकर गरम हवेने सोडवले, तेव्हा खाली मूळ छापील पाटी निघाली: आउटपुट २० वॅट. पुढची जाळी काढल्यावर बारा इंची भोकात लाकडी कडे ठोकून त्यात आठ इंची स्पीकर बसवलेला दिसला. जाळीचे कापड पुरेसे दाट असल्याने बाहेरून हे कळण्याची सोय नव्हती. खात्रीसाठी त्याने स्पीकरच्या जागी लोड, म्हणजे स्पीकरइतकाच विद्युत रोध असलेला भार, जोडून मोजणी केली आणि पाटीवरचा आकडा बरोबर असल्याचे सांगितले. यानंतर माझा एक मित्र साधा ग्राहक म्हणून त्याच दुकानात गेला. त्याने काउंटरखालच्या वायरचा माग काढला, तर ती ॲम्पच्या लाइन-आउटमधून (दुसऱ्या उपकरणाला आवाज पाठवण्याच्या जोडणीतून) निघून एका मोठ्या पॉवर्ड स्पीकरला, म्हणजे स्वतःचा ॲम्प आत असलेल्या स्पीकरला, जोडलेली होती. मला ऐकवलेला खर्ज त्या स्पीकरचा होता.

जाब विचारल्यावर दुकानदाराचे म्हणणे असे, की दीडशे हा आकडा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आहे. स्वस्त म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर हजारोंनी छापला जाणारा हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. ग्राहकाने विचारायचा असतो तो आरएमएस वॅटचा, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा आकडा, आणि तो किती ओहमच्या (स्पीकरच्या विद्युत रोधाच्या) हिशेबाने दिला आहे हे.

फसवणुकीचा खरा गाभा मात्र त्या आकड्याची गरज पटवून देण्यात होता, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. दहापट वॅट झाले की आवाज आपल्या कानाला साधारण दुप्पटच वाटतो. त्यामुळे १५ आणि १५० वॅटमधला फरक ड्रमसोबत उभे राहायचे असेल तर मोलाचा आहे, फ्लॅटमधल्या खोलीत जवळजवळ निरर्थक. चार तारांच्या बेसच्या मोकळ्या ‘ई’ तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि लहान स्पीकर तो फारच क्षीण देतो, एवढे विक्रेत्याचे खरे. पण त्याच तारेतून ८२, १२३ अशा पटींचे स्वरांशही निघतात आणि त्यांवरून कान मूळ सुराची उंची स्वतःच ओळखतो. मोबाइलच्या स्पीकरवरही बेसची चाल कळते ती त्यामुळेच. शिवाय दहा फूट रुंदीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास घुमारा धरतो, म्हणजे मोकळी ‘ए’ तार, जी ५५ हर्ट्झची आहे, ती इतर सुरांपेक्षा फुगून ऐकू येते. महागडा ॲम्प आणूनही हा दोष जात नाही; जागा बदलली तर थोडा कमी होतो.

याचा अर्थ घरच्या सरावाला कोणताही डबा चालतो असाही नाही. अगदी हळू आवाजातही सूर स्वच्छ राहणे, खरखर कमी असणे आणि हेडफोनची जोडणी नीट असणे, या गोष्टींनी सरावात मोठा फरक पडतो, कारण न वाजणाऱ्या तारा नीट दाबल्या गेल्या की नाहीत आणि सूर वेळेवर तोडला की नाही, हे त्याशिवाय ऐकूच येत नाही. फुगवलेला खर्ज नेमक्या याच चुका झाकतो. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत नामवंत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा बेस ॲम्पशिवाय थेट कन्सोलमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरमध्ये) जोडून ध्वनिमुद्रित केला जात असे, हे ज्याला माहीत आहे त्याला ॲम्पवाचून हात बिघडण्याची भीती घालणे अवघड जाईल. मी सध्या ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारे छोटे उपकरण) आणि बंद कपांच्या हेडफोनवर सराव करतो.

आता त्या महिन्याविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २ (४७) नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तसेच बिलात मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे हीदेखील. स्पीकर ‘खुलण्याची’ वाट पाहणारा ग्राहक ही मुदत आपोआप गमावतो. माझ्याकडे पावती होती, पण तिच्यावर “ॲम्प, १ नग” एवढेच लिहिलेले होते, आणि दीडशे वॅटचे आश्वासन तोंडीच राहिले. वॅटचा आरएमएस आकडा, स्पीकरचा इंचातला आकार आणि वस्तू नवी की वापरलेली, हे तीनही तपशील बिलावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा; विक्रेता तेथे अडखळला तर पैसे खिशातच ठेवावेत. ऐकून पाहताना विजेची आणि गिटारची, एवढ्या दोनच वायरी ॲम्पला राहू द्याव्यात, स्वतः वाजवावे, आणि पाठीमागच्या पाटीवर स्टिकर असेल तर ते काढायला सांगावे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतर दुकानाने रक्कम परत न देता ‘दुसरा मोठा ॲम्प’ बदलून देण्याची तयारी दाखवली. ती मी नाकारली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, त्यामुळे मूळ पाटीची आणि लाकडी कड्याची छायाचित्रे जोडून आता तेथे अर्ज करत आहे.