उंची वाढवून देतो म्हणून 46,000 रुपयांना फसवलं. पालकांनो, वाचाच

मुलगा आठवीत, उंची 134 सेंमी. वर्गात 'टिंग्या' म्हणून हाक मारायचे. गॅदरिंगला त्याला चौथीच्या पोरांच्या नाचात उभं केलं, तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की रडारड. अशा वेळी 'ताई, या वयात आत्मविश्वास गेला की परत येत नाही' असं कोणी म्हणालं, तर कुठली आई हात आखडता घेईल?

तपासणी 1,500, उंचीच्या पावडरीच्या पुड्यांचा तीन महिन्यांचा कोर्स 18,500, वर 'बूस्टर' 26,000. सगळे पैसे यूपीआयने, एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर. बिल मागितलं तर 'कोर्स संपला की एकदम देतो'. बिल नाही तर पैसे नाहीत, एवढं तरी पाळा.

संशय यायला हवा होता तो उंची मोजताना. पहिल्यांदा मोजलं संध्याकाळी सातला, पोरगं क्रिकेट खेळून दमून आलेलं. पुढच्या वेळी बोलावलं सकाळी आठला. 'बघा, सव्वा सेंटिमीटर वाढला!' दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी कोणाचीही उंची सेंटिमीटरभर कमी भरते. हे किती पालकांना माहीत असतं? घरी चौकटीवरची पेन्सिलची खूण मात्र हलली नव्हती. ती मला दिसत होती. पण कित्येक महिन्यांनी पोरगं हसलं होतं, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच हसण्यावर त्यांनी 26,000 उकळले.

नंतर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचं वय 11, म्हणजे वाढ अजून बाकी आहे. याच्या बाबांची उंचीही अकरावीनंतरच वाढली होती. ग्रोथ हार्मोन, म्हणजे उंची वाढवणारं संप्रेरक, पावडरीसारखं तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं. ते इंजेक्शननेच देतात, तेही तपासण्या करून, गरज असेल त्यालाच. थायरॉईडने किंवा सिलिअ‍ॅकनेही (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) वाढ खुंटते, तिथे पावडरीत वर्ष घालवलंत तर नुकसान पूर्ण भरून निघेलच असं नाही.

चौकीत म्हणाले, 'तुम्हीच राजीखुशीने दिलेत ना? मग सिव्हिल मॅटर.' औषध खात्यात म्हणाले, बिल आणा. 1954 च्या जादुई उपचारांच्या कायद्यात उंची वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे, हे मी त्या साहेबांना सांगायचं! ते उलट मलाच विचारतात, 'मुलगा आजारी आहे का? नाही ना? मग सोडून द्या.' अर्जावर पोचही द्यायला तयार नव्हते, भांडून घेतली. त्या लोकांचा जाहिरातीचा फलक अजून तिथेच आहे.

आजारी नाही? पोरगं आता रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःला मोजतं. 'माझ्यावर औषधसुद्धा चालत नाही' म्हणतं. समुपदेशन सुरू केलंय. घरात टेप दिसेल असा ठेवू नका, सहा महिन्यांतून एकदाच मोजा. वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

ज्यांना असंच फसवलंय त्यांनी पुड्या फेकू नका, पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. एकटीच्या अर्जाला कोणी विचारत नाही, सगळे मिळून जाऊ.