इव्हान्स यांचं पीडीईचं पुस्तक: नवव्या प्रकरणासाठी तरी घ्याच

लॉरेन्स इव्हान्स यांचं ‘पार्शल डिफरेन्शिअल इक्वेशन्स’ (पीडीई, म्हणजे अनेक चलांच्या फलाची डेरिव्हेटिव्ह असलेली समीकरणं) १९९८ साली आलं. दुसरी आवृत्ती २०१० ची, सातशेहून जास्त पानांची. घ्यायची तर तीच घ्या, नॉनलिनियर वेव्ह इक्वेशनचं प्रकरण तिच्यातच आहे. मी मात्र एम.एस्सी.च्या मुलांना हे पुस्तक सुचवते ते नवव्या प्रकरणाच्या सुरुवातीच्या पानांसाठी.

लिनियर समीकरणात उकलीच्या अस्तित्वाची हमी देणारं लॅक्स-मिलग्राम प्रमेय हाताशी असतं. नॉनलिनियर आलं की खरी अडचण सुरू होते. गॅलेर्किनच्या पद्धतीनं, मोजकीच फलं जोडून, अंदाजी उकली यूएम काढल्या, त्यांच्या आकाराला मर्यादा घालणारा एनर्जीचा अंदाज बांधला, वीकली, म्हणजे फक्त सरासरीच्या अर्थानं, कन्व्हर्ज होणारी सबसीक्वेन्सही मिळाली. तरी तिची लिमिट यू मूळ समीकरणात बसेलच असं नाही. साइन एनएक्स बघा. एन वाढत गेला की तो वीकली शून्याकडे जातो, पण त्याचा वर्ग जातो अर्ध्याकडे! इथे मुलं थबकतात, आणि थबकायलाच हवं. सगळी मेख इथेच आहे.

यावर पुस्तकात ब्राउडर-मिंटीची पद्धत आहे. समीकरणातलं व्हेक्टर फील्ड मोनोटोन (चढत्या फलासारखं) असल्यानं, कुठलंही फल डब्ल्यू घेऊन यूएमशी केलेल्या तुलनेचं एक इंटिग्रल ऋण होत नाही. त्यात दोन वीकली कन्व्हर्ज होणाऱ्या सीक्वेन्सचा गुणाकार असतो, म्हणजे नेमकी धोक्याची जागा. पण तेवढं पद समीकरण वापरूनच उजव्या बाजूचं एफ गुणिले यूएमच्या इंटिग्रलमध्ये बदलता येतं, आणि तिथे लिमिट बिनधास्त घेता येते. मग डब्ल्यूच्या जागी यू वजा लॅम्डा व्ही ठेवा (व्ही कुठलंही फल, लॅम्डा धन संख्या), लॅम्डानं भागा, लॅम्डा शून्याकडे न्या. संपलं! डेरिव्हेटिव्हचं स्ट्राँग कन्व्हर्जन्स (फरकाचा आकारच शून्याकडे जाणं) कुठेही लागलं नाही. इतकं नेटकं मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

याच प्रकरणात शाउडर आणि शेफरची फिक्स्ड पॉइंट (मॅपिंग लावूनही जागचा न हलणारा बिंदू) प्रमेयं आहेत. शून्याखेरीज उकल केव्हा नसते, हेही आहे: स्टार-शेप्ड डोमेनवर (ज्यात एका बिंदूपासून बाकी सगळे सरळ रेषेत दिसतात) नॉनलिनियर पदाचा घातांक क्रिटिकल मर्यादेच्या वर गेला की पोहोझाएव्हच्या आयडेंटिटीतून, म्हणजे इंटिग्रलच्या एका समतेतून, फक्त शून्य उकल उरते. अस्तित्व शिकवताना हा भाग मी कधीच गाळत नाही.

एक उणीव जाणवते. जाँ लेरे यांनी १९३४ मध्येच नेव्हिअर-स्टोक्सच्या, म्हणजे द्रवाच्या प्रवाहाच्या समीकरणांच्या, वीक सोल्यूशनचं (इंटिग्रलच्या अर्थानं समीकरण पाळणाऱ्या उकलीचं) अस्तित्व दाखवलं. त्यावर स्वतंत्र प्रकरण हवं होतं. उदाहरणांची उत्तरंही मागे नाहीत, त्यामुळे एकट्यानं वाचणाऱ्याला जड जातं. सोबोलेव्ह स्पेसेसचं (वीक डेरिव्हेटिव्ह असलेल्या फलांच्या स्पेसेसचं) पाचवं प्रकरण आधी वही-पेन घेऊन करा, शेवटची परिशिष्टं उघडी ठेवा, आणि मगच नववं हातात घ्या.