लिबरऑफिस कॅल्कचं पिव्हट टेबल : दूध संस्थेच्या नोंदी मोजायला कितपत कामाचं?

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या एखाद्या दूध संस्थेची दहा दिवसांची सीएसव्ही फाईल, म्हणजे कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल, घ्या. कॉलम असे: पावती क्रमांक, गाव, सभासद क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ, गाय-म्हैस, लिटर, फॅट. बिल काढण्याआधी बघायचं असतं ते एवढंच, की एकाच दुधाची नोंद दोनदा पडली नाही ना. त्यासाठी लिबरऑफिसमधल्या कॅल्क या स्प्रेडशीटचं पिव्हट टेबल, म्हणजे सारख्या ओळींचे गट करून त्यांची बेरीज किंवा मोजणी दाखवणारा तक्ता, पुरेसं आहे, शिवाय फुकट.

घोळ होतो तो फाईल उघडतानाच. इम्पोर्टच्या खिडकीत कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 ठेवा आणि सभासद क्रमांकाच्या कॉलमचा टाईप ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर 0047 चा 47 होतो आणि दुसऱ्या यादीशी जुळत नाही. नावं जुन्या नुडी किंवा श्रीलिपी फॉन्टात टाईप केलेली असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा.

मग डेटा मेनू, पिव्हट टेबल, इन्सर्ट ऑर एडिट. रो फील्ड्समध्ये गाव, सभासद क्रमांक, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि गाय-म्हैस असे पाचही टाका. नुसता सभासद क्रमांक घेऊन चालत नाही, 12 नंबरचा सभासद गावोगावी असतो. गाय-म्हैस वगळलं तर दोन्ही दूध घालणारा माणूस उगाच संशयात येतो.

डेटा फील्ड्समध्ये टाकलेल्या कॉलमची कॅल्क आपणहून बेरीज करतं. त्यावर डबल क्लिक करून ‘काउंट’ निवडा. इथेच बरेच जण लिटरचा कॉलम टाकतात आणि फसतात, कारण काउंट रिकामा सेल मोजतच नाही. लिटर भरायचं राहिलेली नोंद, म्हणजे नेमकी जी सापडायला हवी ती, मोजणीतून गळते. कधीच रिकामा नसतो असा कॉलम द्या. पावती क्रमांक उत्तम. ‘आयडेंटिफाय कॅटेगरीज’वर खूण करू नका, नाहीतर गाव न लिहिलेली ओळ गुपचूप वरच्या गावाच्या खात्यात जाते.

आता बेरजेच्या ओळी सोडून जिथे 1 पेक्षा मोठा आकडा दिसेल तिथे नोंद दुबार आहे. त्या आकड्यावर डबल क्लिक केलं की त्यामागच्या मूळ ओळी नव्या शीटवर उघडतात. या सोयीसाठीच हे टेबल वापरावं. फॉर्म्युले लिहून मोजलं तर आकडा मिळतो, ओळी हुडकत बसावं लागतं.

गावांच्या नावांपुढे मात्र ते हतबल आहे. सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, पण जुन्या यादीत बेळगाव असतंच; निपाणी-निप्पाणीचंही तेच. कॅल्क दोन्ही वेगळी गावं धरतं आणि दुबार नोंद दोन ठिकाणी विभागून 1-1 दिसते. नावामागची एक मोकळी जागासुद्धा तेवढीच घातक, आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. ट्रिम फॉर्म्युल्याने ती जाते. नावांसाठी गावाला कोड देणं बरं.

मूळ फाईल दुरुस्त केली तरी टेबल आपोआप बदलत नाही, राईट क्लिक करून ‘रिफ्रेश’ करावं लागतं. खाली नव्या ओळी जोडल्या असतील तर सोर्सची रेंजही वाढवा.

मोठी उणीव एकच: ‘गावात किती वेगवेगळ्या सभासदांनी दूध घातलं’ हे थेट मोजता येत नाही. गाव आणि सभासद एवढ्यावरच टेबल काढून, गावाच्या फील्डला ‘रिपीट आयटम लेबल्स’ लावून, बेरजेच्या ओळी वगळून ते दुसरीकडे पेस्ट करायचं आणि त्यावर पुन्हा टेबल काढायचं. जमतं, पण दर बिलाला करायला कंटाळवाणं आहे.