सेटाफिल जेंटल क्लेन्झर: कोणी घ्यावं आणि कोणी पैसे वाचवावेत

आधीच सांगून टाकते. स्किन कोरडी किंवा सेन्सिटिव्ह असेल, किंवा पिंपल्ससाठी डॉक्टरांनी ॲडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड असलं काही लावायला दिलंय आणि नाकाच्या बाजूला सालं निघतायत, तर तोंड धुवायचं हे क्लेन्झर डोळे झाकून घ्या. पण स्किन तेलकट आहे, रोज बाईकवर धूळ खात ऑफिसला जाता आणि तोंड धुतल्यावर चेहरा एकदम कोरडा-स्वच्छ लागायला हवा असतो, तर हे नका घेऊ, आवडणार नाही. तुमच्यासाठी काय ते खाली लिहिलंय.

हे काही रील्समधून उगवलेलं प्रॉडक्ट नाही हां. 1947 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या एका फार्मासिस्टने बनवलेलं, आता गाल्डर्मा ही स्विस कंपनी विकते. आपल्याकडे स्किनच्या डॉक्टरकडे गेलात की बऱ्याचदा प्रिस्क्रिप्शनवर औषधांच्या खाली हेच नाव असतं, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधेसुद्धा मिळतं.

आता वापरायचं कसं, कारण निम्म्या लोकांची तक्रार इथेच असते की फेस येत नाही. येतच नाही, येणारही नाही. हातावर घेतलं की घट्टसर, पांढरट, पटकन न ओघळणारं असं असतं, वास जवळजवळ नाहीच. ओल्या चेहऱ्यावर हलक्या हाताने गोल गोल फिरवायचं, कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटी, जबड्याखालचा भाग जो सगळे विसरतात, आणि कोमट पाण्याने धुवायचं. धुताना बुळबुळीत लागतं आणि धुऊन झाल्यावरही काहीतरी राहिलंय असं वाटतं, हे पहिले काही दिवस सगळ्यांनाच वाटतं. आपल्याला लहानपणापासून साबणाने तोंड कुचकुच वाजेपर्यंत धुवायची सवय ना, त्यामुळे गाल ताणल्यासारखे झाले की आपल्याला वाटतं आत्ता कुठे स्वच्छ झालं. तो ताण म्हणजे स्वच्छता नाही, अंगचं तेल आणि ओलावा धुऊन गेल्याची खूण आहे.

पाणी नसेल तरी चालतं हा याचा एक भारी उपयोग. कोरड्या चेहऱ्यावर लावायचं आणि मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. आजारी माणसाचं अंथरुणातच तोंड पुसायचं असेल किंवा रात्रभराच्या एसटीच्या प्रवासात, फार सोयीचं पडतं.

बाटलीच्या मागे बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा, जे जास्त ते आधी असा क्रम असतो. सेटाफिलचा जुना फॉर्म्युला वेगळा होता, त्यात थोडं सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणणारं जरा कडक रसायन, असायचं आणि त्यावरून नेटवर पुष्कळ भांडणं व्हायची. नवीनमधे ग्लिसरीन, नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी3), पँथेनॉल (प्रो-व्हिटॅमिन बी5) आणि धुण्याचं काम करायला सोडियम कोकोइल आयसेथायोनेट, जे खोबरेल तेलातल्या फॅटी ॲसिडपासून बनवतात आणि सौम्य असतं. यादीत सेटिल, स्टिअरिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल दिसलं की लोक घाबरतात. अहो ते स्पिरिटसारखं नाही, मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत, उलट मऊपणा आणतात. पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरात छापतात, ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’ वगैरे, त्यावर मी काही ठरवत नाही. ‘सोप-फ्री’ (साबण नसलेलं) आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ (वास न घातलेलं) हे दोन शब्द मात्र शोधते.

सोप-फ्रीचं एवढं काय, तर एक घरगुती टेस्ट सांगते. पांढऱ्या फडक्याच्या तुकड्याला ओली हळद लावा, वाळू द्या. एका कोपऱ्यावर अंघोळीच्या साबणाचा फेस चोळा, दुसऱ्या कोपऱ्यावर क्लेन्झरचा थेंब. साबणाकडची बाजू बघता बघता विटकरी लाल होते, क्लेन्झरची पिवळीच राहते. लग्नात हळद लागलेले कपडे साबणाने धुतल्यावर लाल होतात ते हेच. साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून होतो, त्यामुळे त्याचा पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 9-10 च्या घरात, आणि आपल्या कातडीचा साधारण 5. पीएचमधे एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पट, मग चार आकड्यांचा किती ते तुम्हीच करा. धडधाकट स्किन काही तासांत परत मूळपदावर येते, म्हणून आपल्या आज्या आयुष्यभर साबण लावून ठणठणीत राहिल्या. प्रश्न येतो तो एक्झिमावाल्यांचा, पिंपल्सची औषधं लावणाऱ्यांचा आणि दिवसातून चार-चार वेळा तोंड धुणाऱ्यांचा. 2021 मधे सेबामेड या स्किन प्रॉडक्टच्या ब्रँडने साबणांचे पीएच नावानिशी छापून जाहिराती केल्या होत्या आणि हिंदुस्तान युनिलिव्हर त्याविरुद्ध मुंबई हायकोर्टात गेली होती, आठवत असेल. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तेव्हा पहिल्यांदा पीएच या विषयावर चर्चा झाली, नाहीतर तिथे फक्त पार्किंग आणि पाणी.

पाण्यावरून आठवलं. पुण्याच्या बाहेरच्या बाजूला आम्ही राहतो तिथे टँकर आणि बोअरचं जड पाणी, नळांवर पांढरे थर बसतात. अशा पाण्यात साबणाचा फेस कमी आणि साका जास्त होतो, कारण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जमून बसतो आणि तोच चिकट थर अंगावरही राहतो. सोप-फ्री क्लेन्झरचं तसं होत नाही. तुमच्याकडे जड पाणी असेल तर निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा चेहऱ्यावरचा साबण बंद करून बघा.

आपली स्किन कुठली हे कळत नसेल तर मॉलमधल्या काउंटरवर विचारू नका. एका दुकानात मला गालावर नुसतं बघून ‘मॅम, डल आहे, ब्रायटनिंग घ्या’ म्हणून तिथली सगळ्यात महाग ट्यूब हातात दिली होती. सुट्टीच्या दिवशी तोंड सौम्य काहीतरी लावून धुवा, वर काहीही लावू नका, आणि तासाभराने टिश्यू पेपर दाबून बघा. सगळीकडे तेलाचे डाग आले तर तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटीला आले तर कॉम्बिनेशन, कुठेच नाही आणि हसताना गाल ओढतात तर कोरडी. चुरचुर होऊन लाल होत असेल तर सेन्सिटिव्ह, आणि ती तेलकट असूनही सेन्सिटिव्ह असू शकते, हे कोणी सांगत नाही. मुंबई-कोकणातल्या दमटात जी स्किन तेलकट वाटते तीच डिसेंबरात नाशिकला फुटते, म्हणून मोसम बदलला की परत बघायचं.

तेलकटवाल्यांनी सेटाफिलचंच ऑइली स्किनवालं क्लेन्झर किंवा सेराव्हे या दुसऱ्या ब्रँडचं फोमिंग बघावं, दोन्हीला फेस येतो पण साबण नाही. सेराव्हे घेताना नाव नीट वाचा, फोमिंग नॉर्मल ते तेलकटसाठी आणि हायड्रेटिंग नॉर्मल ते कोरड्यासाठी. ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिक ॲसिडवालं, ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत शिरतं, पण रोज दोन्ही वेळा नको, आणि त्याच्या जोडीला स्क्रब तर अजिबात नको. अक्रोडाच्या टरफलाचा तो खरखरीत स्क्रब पायाच्या टाचांना ठेवा. डाळीचं पीठ विचाराल तर हळद-दुधात कालवून दिवाळीला वगैरे ठीक, रोज घासायला ते पण खरखरीतच.

आता याच्या मर्यादा. वॉटरप्रूफ सनस्क्रीन किंवा काजळ याने पूर्ण निघत नाही, त्यासाठी आधी मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं क्लेन्झर) कापसावर घेऊन पुसावं लागतं आणि मग हे. खोबरेलने काढलं तरी निघतं, पण पिंपल्सवाल्यांनी तो उद्योग करू नये. पिंपल्स याने जाणार नाहीत, गोरंबिरं तर कोणीच होत नसतं. आणि साध्या फेसवॉशच्या ट्यूबपेक्षा दुपटीच्या वर किंमत पडते. त्यात फेस येत नाही म्हणून माणूस जास्त जास्त घेत जातो आणि बाटली लवकर संपते, एक छोटा पंप पुरतो खरं तर. पहिल्यांदा घेताना छोटीच बाटली घ्या, आणि ऑनलाइन घेतलीत तर सील आणि एक्स्पायरी बघूनच उघडा. बजेट नसेल तर कुठलंही सोप-फ्री, बिनवासाचं, ग्लिसरीनवालं चालतं, सिम्पल या ब्रँडचं आहे तसं, उगाच या एकाच नावासाठी अडून बसू नका.

आमच्या घरात ही बाटली माझी आणि दहावीतल्या मुलाची. नवऱ्याला फेस आल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, त्याला फोमिंगवालं आणून दिलंय, तो तेच डोक्यालाही लावतो.