फिग्मा की स्केच? पहिलं टूल कुठलं शिकायचं

यूआय-यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटचे स्क्रीन डिझाइन करण्याच्या कामात, नवीन येणाऱ्या ज्युनियरने मला विचारलं तर मी डोळे झाकून फिग्मा सांगते, पण स्केचला जुनं झालं म्हणून मोडीत काढणं मला अजिबात पटत नाही. स्केच 2010 मध्ये आलं आणि तोवर फोटोशॉपमध्ये स्क्रीन बनवणाऱ्यांची त्याने सुटका केली. अजूनही मॅकवर ते मस्त पळतं, नेट गेलं तरी काम थांबत नाही, फाइल आपल्याच मशीनवर.

पण मुद्दा तोच, मॅकच लागतो. माझ्याकडे शिकताना साधा विंडोज लॅपटॉप होता, त्यामुळे प्रश्नच मिटला. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, शिकायला फुकट प्लॅन पुरतो आणि डेव्हलपरला नुसती लिंक पाठवली की तो स्पेसिंग, कलर सगळं स्वतः बघतो. फोटोशॉपवाली अडोबी कंपनी 2022 मध्ये फिग्मा 20 अब्ज डॉलरला घ्यायला निघाली होती, 2023 च्या डिसेंबरमध्ये सौदा मोडला, तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

आता मराठी स्क्रीनचं सांगते. ‘पे’ लिहिलेल्या बटणात ‘पैसे पाठवा’ टाकलं तर ऑटो लेआउट ही सोय बटण आपोआप रुंद करते, पण दोन ओळी आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला चिकटतो, मग लाइन हाइट (एका ओळीला दिलेली उंची) 120 वरून 150 टक्के मी हातानेच करते. हे दोन्ही टूलमध्ये आपल्यालाच बघावं लागतं, आणि पोर्टफोलिओत असा एक स्क्रीन जरूर ठेवा.