प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर घेताना माझ्या दुकानात जे घडलं

अमळनेरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन अंकांची जुळणी, अशी कामं चालतात. दुकानात विंडोजची दोन मशीन आहेत, एक उबुंटूचं (म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचं), आणि एक इंटेलचा जुना मॅक मिनी. मॅक मी फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तेव्हा आमच्या गावी ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि कामाला हात पुरत नव्हते. मशीन कोणकोणती हे आधी सांगतो, कारण मी फसलो ते याच तीन तऱ्हांच्या मशीनमुळे. सगळ्यांवर चालेल असं एकच काहीतरी मला हवं होतं.

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका प्रकाशकाने मुद्रितशोधनाचं काम दिलं. पुस्तकाच्या फायली त्यांच्याच सर्व्हरवर राहायच्या आणि तो सर्व्हर बाहेरच्या कुणाला उघडत नव्हता. म्हणून त्यांनी एक प्रॉक्सी, म्हणजे ज्याच्यातून जाऊन साइट उघडायची असा मधला सर्व्हर, दिली: पत्ता, पोर्ट, युजरनेम आणि पासवर्ड. ‘यातून या, म्हणजे साइट उघडेल,’ एवढंच पत्रात होतं. आता प्रॉक्सी वापरायची म्हणजे त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागणार, असं मी धरून चाललो. धुळ्याला इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, क्लॅश टाका. त्यात नियम लिहिता येतात. प्रकाशकाची साइट तेवढी प्रॉक्सीतून जाईल, बाकीचं सगळं सरळ जाईल.” त्याचा सल्ला चुकीचा नव्हता. क्लॅश खरंच तेच काम करतं.

पण त्याच्या आधी काय झालं होतं ते ना त्याला ठाऊक होतं ना मला. ‘क्लॅश फॉर विंडोज’ नावाचं सॉफ्टवेअर ज्याने बनवलं, त्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये गिटहबवरचं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारे आपलं काम जिथे ठेवतात त्या साइटवरचं, आपलं पान काढून टाकलं. नाव लोकांच्या तोंडी राहिलं, घर मात्र उठून गेलं. रिकाम्या घरावर कुणीही आपली पाटी लावावी, तसं झालं. मी नाव शोधलं तेव्हा सगळ्यात वर एक जाहिरात आली. क्लॅशचं मांजराचं चित्र तेच, रंग तेच. खाली विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन अशी पाच बटणं ओळीने. मला तर हेच हवं होतं.

त्या पाच बटणांनीच मला सावध करायला हवं होतं. नावात विंडोज असलं तरी मूळ सॉफ्टवेअर मॅक आणि लिनक्सवरही चालायचं, हे खरं. पण अँड्रॉइडचं क्लॅश दुसऱ्याच माणसाने लिहिलेलं होतं, आणि आयफोनवर अशी अ‍ॅप्स अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यावी लागतात. पाचही एकाच दुकानात, एकाच मालकाची म्हणून मिळत होती, ती कधीच एका मालकाची नव्हती. मॅकचंही तेच. खऱ्या प्रकल्पात इंटेलच्या मॅकसाठी एक फाइल असते आणि २०२० च्या अखेरीपासून आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपसाठी दुसरी. इथे नुसतंच ‘मॅक’ लिहिलेलं होतं.

पहिली फाइल विंडोजवर घेतली. उघडल्याबरोबर निळी पाटी आली, ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’. ही पाटी येणार हे त्या पानावर आधीच लिहिलेलं होतं. ‘मोअर इन्फो’ दाबा, मग ‘रन एनीवे’ दाबा, आणि त्याआधी अँटिव्हायरस दहा मिनिटं बंद ठेवा, कारण प्रॉक्सीच्या सॉफ्टवेअरला अँटिव्हायरस उगाच धरतो, असा खुलासाही होता. या खुलाशात अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. सॉफ्टवेअर कुणाचं आहे हे विंडोजला सांगणारं सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यायला लहान प्रकल्पांकडे पैसे नसतात, त्यामुळे चांगल्या सॉफ्टवेअरवरही ही निळी पाटी येते. पण अँटिव्हायरस बंदच करा, असा आग्रह कुणी धरत असेल तर तिथेच थांबायला हवं. मी थांबलो नाही.

आणि सॉफ्टवेअर चाललं! प्रकाशकाची साइट उघडली, फायली दिसल्या. मला वाटतं, या सगळ्यातली वाईट गोष्ट हीच. चाललं नसतं तर मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं. चालल्यामुळे माझा विश्वास बसला, आणि मग दुसऱ्या विंडोजवर आणि मॅकवरही टाकलं. मॅकने डेव्हलपर ओळखता येत नाही म्हणून अडवलं, तर सेटिंगमध्ये जाऊन ‘ओपन एनीवे’ केलं. मग त्याने एक सर्टिफिकेट बसवायला पासवर्ड मागितला. तोही दिला. या सर्टिफिकेटबद्दल नीट सांगतो, कारण हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा पत्त्याजवळचं कुलूप सांगतं की मधे कुणी नाही. अनोळखी माणसाचं रूट सर्टिफिकेट बसवलं की तो मधे बसू शकतो, आणि कुलूप तरीही दिसतच राहतं. साध्या प्रॉक्सीला याची गरज नसते. काही सॉफ्टवेअर पूर्ण मशीनचं नेट वळवण्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात, ते समजू शकतो. सर्टिफिकेट मागणं ही वेगळी गोष्ट आहे.

उबुंटू वाचलं ते वीज गेल्यामुळे. त्यासाठी एक लांब ओळ दिली होती, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवून ‘सुडो’ने चालवायची. नेटवरून येणारी स्क्रिप्ट न वाचता थेट पूर्ण अधिकाराने चालवायची, असा त्याचा अर्थ. एप्रिलचं ऊन, भारनियमन, इन्व्हर्टरवर एकच मशीन. ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर चौकट आली: मुदत संपली, एका मशीनचे ६०० रुपये भरा, मदतीसाठी या क्रमांकावर मेसेज करा. समोरचा माणूस हिंदीत गोड बोलत होता. तीन मशीनचे मी १,८०० रुपये क्यूआर कोडवर भरले. क्लॅश हे फुकट वाटलं जाणारं सॉफ्टवेअर आहे, हे मला नंतर कळलं. त्यानेच मग सांगितलं, पैसे भरलेत तर फोनचं अ‍ॅप त्यातच आलं, ही लिंक घ्या. प्ले स्टोअरवर नसलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची सुटी फाइल होती. बसवल्यावर तिने व्हीपीएनची, म्हणजे फोनचं नेट आपल्यातून वळवण्याची, परवानगी मागितली. ती योग्यच, त्याशिवाय अँड्रॉइडवर असं अ‍ॅप चालत नाही. मग एसएमएस वाचण्याची मागितली आणि नंतर अ‍ॅक्सेसिबिलिटीची. प्रॉक्सीला माझे एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. आला आणि मी तो बाजूला सारला, कारण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. अ‍ॅक्सेसिबिलिटी मिळालेलं अ‍ॅप पडद्यावरचं वाचू शकतं, आपल्या जागी बटणंही दाबू शकतं.

मे महिन्यात एका सकाळी खात्यातून ३८,५०० रुपये गेलेले दिसले. रात्री दोननंतर, दोन वेळा मिळून. ओटीपी आल्याचा एकही मेसेज फोनमध्ये नव्हता. बायको विचारत होती, “काय व्हयनं? काय व्हयनं?” आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यात लग्नपत्रिकांचे आगाऊ घेतलेले पैसे होते, लोकांचे.

इथे माझी मोठी चूक झाली. पहिले दोन तास मी त्या ‘मदत’वाल्यालाच मेसेज करत बसलो. मग शेजारचे जिभाऊ आले. त्यांच्या मुलाचं मागच्या वर्षी असंच झालं होतं. ते म्हणाले, “आधी १९३० ला लाव, बाकीचं नंतर.” सायबर फसवणुकीसाठी हा सरकारी क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे अडवता येतात, पण ते तिथून पुढे सरकायच्या आत. माझे ११,००० अडले. उरलेले तोवर पुढे गेले होते. दोन तास आधी फोन केला असता तर किती अडले असते, हा हिशोब मी अजून करत असतो. बँकेतही लेखी तक्रार दिली. तेव्हा, २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यानुसार चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नव्हता. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहा, लवकर कळवण्याला पर्याय नाही. जळगावच्या सायबर पोलीस ठाण्यात मी दोनदा जाऊन आलो, सगळे स्क्रीनशॉट कागदावर काढून दिले.

पैशाचं एवढ्यावर थांबलं, पण त्याच आठवड्यात आमच्या नेटवाल्याचा फोन आला. माझ्या कनेक्शनवरून परदेशी साइटवर शेकडो लॉगिनचे प्रयत्न होत असल्याची तक्रार त्याच्याकडे आली होती. आम्ही घरात तीन माणसं, त्यातली एक सत्तर वर्षांची आई. रात्री दुकान बंद, पण विंडोजची मशीन मी प्रिंटच्या रांगेसाठी चालू ठेवायचो. राऊटरवर पाहिलं तर रात्रभर अपलोड चालू. मी प्रकाशकाच्या प्रॉक्सीतून जात होतो, आणि त्याच वेळी कुणीतरी माझ्या दुकानाला प्रॉक्सी करून माझ्यातून जात होतं. तो जे काही करत होता ते माझ्या नावावर, माझ्या पत्त्यावर लागत होतं.

महिनाअखेरीस, २९ मे २०२४ ला, अमेरिकेच्या न्याय खात्याने ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडल्याचं जाहीर केलं. ती बातमी मी तीनदा वाचली. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशी फुकट अ‍ॅप्स लोकांनी बसवली आणि त्यांच्या मशीनचे पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले गेले. जवळपास २०० देशांत मिळून १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते. ते जाळं वेगळं, माझ्याकडे आलेलं वेगळं, पण कामाची रीत तीच होती. नेटवाल्याच्या फोनचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

मशीन साफ करताना आणखी एक धडपड झाली. सॉफ्टवेअर काढलं आणि दुकानातलं नेटच बंद पडलं. घाबरून पुन्हा तेच बसवावंसं वाटतं. कारण साधं असतं: विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) आणि पोर्ट ७८९० असा, काढलेल्या सॉफ्टवेअरचा पत्ता तसाच राहिलेला असतो. तो बंद केला की नेट येतं. तरीही नुसतं काढून मी समाधान मानलं नाही. दोन्ही विंडोज नव्याने टाकले, मॅक पुसून पुन्हा उभा केला, फोन फॅक्टरी रीसेट केला, आणि सगळे पासवर्ड न बिघडलेल्या उबुंटूवरून बदलले.

त्या उबुंटूवरच शेवटी उलगडा झाला. प्रकाशकाचं काम अडलेलं, म्हणून मी त्यांच्या संगणक विभागातल्या बाईंना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “दादा, तुम्हाला काहीच बसवायचं नव्हतं. फायरफॉक्स आहे ना? सेटिंगमध्ये खाली नेटवर्क सेटिंग, तिथे मॅन्युअल प्रॉक्सी. पत्ता आणि पोर्ट टाका, नाव-पासवर्ड तो स्वतः विचारेल.” तसं केलं. दोन मिनिटांत साइट उघडली. विंडोज, मॅक, उबुंटू, तिन्हीकडे तोच मेन्यू, तीच जागा. प्रकाशकाच्या कामासाठी वेगळं फायरफॉक्स, बँकेसाठी वेगळा ब्राउझर, असं मी आता करतो.

ज्यांना खरंच वेगळं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे शॅडोसॉक्स किंवा व्हीटूरे (ब्राउझरच्या सेटिंगमधून थेट न चालणारे प्रॉक्सीचे प्रकार) पद्धतीचा सर्व्हर ज्यांना कामासाठी मिळालाय, त्यांनी सर्व्हर देणाऱ्यालाच लेखी विचारावं, कोणतं सॉफ्टवेअर आणि नेमक्या कोणत्या पानावरून. शोधून वर आलेल्या जाहिरातीवर जाऊ नये. फाइल घेतल्यावर मूळ पानावर शा-२५६ चा आकडा, म्हणजे फाइल तीच आहे हे पटवणारी खूण, दिलेला असेल तर तो जुळवून पाहावा. विंडोजवर सर्टयुटिल, उबुंटूवर शा२५६सम या आज्ञेने तो निघतो, अर्ध्या मिनिटाचं काम. आणि फोनवर एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली, तर ते अ‍ॅप त्याच घडीला काढावं.

परवा चोपड्याहून एका झेरॉक्सवाल्या भावांचा फोन आला. माझ्याबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांच्याकडेही तेच मांजराचं चित्र, तेच ६०० रुपये, आणि फोनवर अ‍ॅप आदल्या संध्याकाळीच टाकलेलं. मी म्हणालो, भाऊ, बोलत बसू नका, तो फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद करा, आणि मुलाच्या फोनवरून बँकेला लावा. वीस मिनिटांनी त्यांनी मुलाच्या फोनवरून मला लावला. खातं गोठवलं होतं, पैसे जागेवर होते.