पाऊस, भाव, भरती, जीआर: कोणती बातमी फोनवर कुठे बघावी?

पऱ्हाटीवर (कापसाच्या पिकावर) फवारा मारायचा की दोन दिवस थांबायचं, सोयाबीन वाशिमला न्यायचं की अमरावतीला, भरतीच्या अर्जाची मुदत खरंच वाढली का? विदर्भातल्या खेड्यात विशीतल्या मुला-मुलींना फोनवरून लागतात त्या बातम्या बहुतेक अशाच. व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम, टेलिग्राम, पेपरचं ॲप आणि सरकारी संकेतस्थळ सगळं एकाच फोनमध्ये असतं, पण सगळ्या कामांना पुरेल असं त्यात एकही नाही. म्हणून ही तुलना कामानुसार.

बाजारभाव. भाव व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांत आधी येतो, कारण गावातलंच कोणीतरी बाजार समितीत माल घेऊन उभं असतं. तिथेच घोळही होतो. येणारा आकडा बरेचदा एखाद्याच ढिगाचा कमाल भाव असतो. वाशिमला हंगामात बिजवाईच्या, म्हणजे बियाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, सोयाबीनला तेलासाठी जाणाऱ्या साध्या मालापेक्षा जास्त दर मिळतो. तोच आकडा ‘वाशिम सोयाबीन’ म्हणून फिरतो आणि साधा माल भरलेली गाडी तिकडे निघते. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे वेगळे रकाने असतात. सर्वसाधारण दरच धरा. मात्र बाजार समितीने आकडे भरल्याशिवाय ते तिथे दिसत नाहीत, त्यामुळे सकाळी निघताना कालचाच भाव हाती येतो. तीन-चार दिवसांचे सर्वसाधारण दर तिथे बघावेत, आज भावाचा कल काय आहे ते ग्रुपवरून घ्यावं, आणि दोन्ही हमीभावाशी ताडून बघावेत: 2025-26 साठी लांब धाग्याचा कापूस 8,110 रुपये, मध्यम धाग्याचा 7,710 आणि सोयाबीन 5,328 रुपये क्विंटल. सीसीआय (हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ) कापसाला पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंत देते, 12 टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढे घेत नाही. भावाच्या व्हिडिओंत नेमकी हीच अट गाळलेली असते.

पाऊस. इथे आमचा कौल स्पष्ट आहे: फवारणी आणि कापणी ठरवायची तर हवामान खात्याचा जिल्हा अंदाज बघा, यूट्यूबवरचा नको. व्हिडिओत ‘विदर्भात धो धो’ म्हणतात; बुलढाणा आणि गडचिरोली एकाच वाक्यात बसवल्यावर त्या वाक्याचा उपयोग कोणाला? खात्याची भाषा मात्र समजून घ्यावी लागते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. अंदाजात ‘तुरळक’ होतं आणि आपल्या शिवारात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. विजांसाठी दामिनी ॲप ठेवा. त्याला लोकेशनची परवानगी दिली नाही तर इशारा मिळत नाही. व्हिडिओ बघायचाच असेल तर खालचं वर्णन उघडून पूर्ण तारीख वाचा. मागच्या वर्षीच्या जुलैचा अंदाज या जुलैत हमखास फिरतो.

योजना आणि जीआर. सगळ्यांत जास्त फसवणूक इथेच होते. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी 18 आकडी संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा संकेतांक महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या पानावर टाकला की मूळ प्रत उघडते. उघडली नाही तर ग्रुपवरच्या पीडीएफवर विसंबून कागदपत्रं गोळा करू नका. योजनेच्या नावाने एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) आली तर ती इन्स्टॉल करूच नका. अशा ॲपला एसएमएसची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी समोरच्याच्या हाती जातो.

भरती. टेलिग्राम आणि रील्सवरून जाहिरात निघाल्याचं लवकर कळतं, तेवढ्यासाठी ते चांगलं. अट, वय, शुल्क आणि शेवटची तारीख मात्र एमपीएससीच्या किंवा त्या-त्या विभागाच्या संकेतस्थळावरच वाचा. जाहिरातीनंतर शुद्धिपत्रक निघतं आणि रील जुनीच फिरत राहते. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल तर पैसे भरण्याआधी थांबा आणि मूळ जाहिरातीतला पत्ता जुळवून बघा.

गावची, तालुक्याची बातमी. लोकमत, देशोन्नती यांच्या ई-पेपरमध्ये जिल्ह्याची पानं असतात, बातमीला तारीख असते आणि जबाबदारी घेणारा संपादक असतो. तालुक्याच्या पोर्टलवाल्याचा कॅमेरा ग्रामसभेत आणि रस्ता रोकोत आधी पोचतो, हे त्याचं मोल खरंच मोठं आहे. पण वाढदिवसाच्या जाहिराती ज्या पुढाऱ्याच्या, त्याच्याविरुद्धची बातमी तिथे मिळेलच असं नाही.

डेटा. 480पी वरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण 80 एमबी खातो. रेंज एकच काडी असेल तर न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीच्या बातम्या ऐकणं कितीतरी हलकं पडतं.

अफवेच्या बाबतीत मात्र घाई नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. त्याआधी तशा अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली म्हणजे तो निदान पाचदा पुढे पाठवला (फॉरवर्ड केला) गेला आहे. फोटो गूगल लेन्समध्ये टाका, व्हिडिओ असेल तर स्क्रीनशॉट काढून तो टाका. फोटो आधी कधी आणि कुठे आला होता हे बरेचदा लगेच कळतं. तो जुना निघाला तर ज्या ग्रुपवर आला, त्याच ग्रुपवर तसं लिहा.